‘ग्लाइड’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा: एका इंग्रजी प्रवासवर्णनाचा अनुवाद चालू आहे. एकाच प्रकरणात ‘ग्लाइड’ हे क्रियापद चारदा येतं. दरीवर घार ग्लाइड करते, तळ्यातून पाणसाप ग्लाइड करत जातो, धुक्यातून होडी ग्लाइड करत येते आणि शेवटी वाड्याची वयस्क मालकीण भरल्या दिवाणखान्यातून पाहुण्यांमध्ये ग्लाइड करत फिरते. कोशात ‘सरकणे, घसरणे, तरंगणे’ असे तीन पर्याय मिळाले. चारही ठिकाणी ‘अलगद सरकणे’ वापरलं तर चालेल का?

नाही चालणार. चार वाक्यांपैकी एकातही चालणार नाही, असं माझं मत आहे. तीसेक वर्षं अनुवाद करण्यात आणि दुसऱ्यांचे अनुवाद तपासण्यात गेली. त्यात या एका क्रियापदाने मला जितकं छळलं तितकं मोठमोठ्या तात्त्विक संज्ञांनीही छळलेलं नाही. संज्ञेला निदान परिभाषाकोश असतो.

आधी तुमच्या तीन शब्दांकडे बघू. ‘सरकणे’ला खाली काहीतरी टेकलेलं लागतं. बाक, जमीन, रूळ, पट्टी. सरकतं दार, स्टेशनवरचा सरकता जिना. लोकलच्या तिघांच्या बाकाशी चौथा येऊन उभा राहतो आणि ‘जरा सरकून घ्या’ म्हणतो, तेव्हा हा शब्द आपल्या घरी असतो. दरीच्या वर घार ‘सरकली’ की तिच्या पोटाखाली एक अदृश्य बाक येतो. ढग सरकतात हे खरं, पण ते आपण आभाळाला छत मानतो म्हणून; ढग त्या छतावरून जातात. घार छतावरून जात नाही.

‘घसरणे’मध्ये तोल गेलेला असतो. पाय घसरतो, जीभ घसरते, रुपया घसरतो, गाडी रुळावरून घसरते. मराठीत चांगल्या अर्थाने घसरणारी एकच गोष्ट मला आठवते, ती म्हणजे बागेतल्या घसरगुंडीवरचं पोर. आणि तेही खाली मातीत आपटतंच.

या शब्दाने माझी जी फजिती केली ती सांगून टाकतो. ऑगस्ट २००१. एका दैनिकात रात्रपाळीला होतो. टोरंटोहून लिस्बनला निघालेल्या एका एअरबसचं इंधन अटलांटिकवर गळून संपलं, दोन्ही इंजिनं बंद पडली आणि वैमानिकांनी ते अवजड विमान सुमारे १२० किलोमीटर तसंच नेऊन अझोर्स बेटांवरच्या लाजेसच्या धावपट्टीवर उतरवलं. आतले ३०६ च्या ३०६ जण वाचले. इंग्रजी तारेत अर्थातच ‘ग्लाइड’ होतं. मी घाईत मथळा दिला: ‘इंधन संपलेले विमान घसरत बेटावर उतरले’. सकाळी कार्यालयात पहिला फोन आला तो एका आजोबांचा. ‘धावपट्टीवरून घसरलं ना? मग किती गेले ते का दिलं नाहीत?’ मी त्यांना सांगितलं की कोणी गेलं नाही. ते म्हणाले, ‘मग घसरलं कशाला म्हणता?’ बरोबरच होतं त्यांचं. जगातल्या अत्यंत कसबी उतरणीपैकी एक मी अपघातात जमा केली होती.

आता ‘तरंगणे’. हा शब्द तिघांत सगळ्यात जवळचा आणि म्हणूनच सगळ्यात फसवा. तरंगणाऱ्याला स्वतःची दिशा नसते. पाण्यावर लाकूड तरंगतं, उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगते, रुईची म्हातारी तरंगत तरंगत अंगणात येते आणि पोरं तिच्यामागे धावतात. ती कुठे जाणार हे वारा ठरवतो. घारीचं तसं नसतं. गच्चीवर उताणं पडून दहा मिनिटं एक घार बघा. पंख जराही हलत नाहीत, पण दुभंगलेली शेपटी मात्र सारखी काम करत असते: या बाजूला कलती, त्या बाजूला कलती, सुकाणूसारखी. कुठे जायचं ते तिचं ती ठरवते. फक्त त्यासाठी घाम गाळत नाही.

‘ग्लाइड’चं मर्म माझ्या मते इथे आहे. कष्ट थांबलेले आहेत, गती उरलेली आहे आणि ताबा सुटलेला नाही. तिन्ही गोष्टी एकदम. आपली क्रियापदं यातल्या दोन घेतात आणि तिसरी सोडतात. सहज जाण्याची क्रियापदं मराठीत कमी नाहीत. पाण्यासाठीच बघा: ओघळणे, घरंगळणे, झिरपणे, निथळणे. अळवाच्या पानावरचा थेंब कसा घरंगळतो ते तर जीव लावून बघण्यासारखं असतं. पण या सगळ्यांचा कल खाली आहे, आणि ताबा कुणाच्याच हातात नाही. ‘निसटणे’मध्ये तर कुणाच्या तरी हातून काहीतरी गेलेलं असतं.

मग वाटतं, क्रियापद साधं ठेवू आणि जाण्याची तऱ्हा क्रियाविशेषणातून आणू. मराठीची चाल तशीच आहे. इंग्रजी क्रियापद चालण्याची ढब पोटात घेऊन येतं. मराठी क्रियापद बहुधा नुसतं ‘गेला, आला, शिरला, निघाला’ एवढंच सांगतं आणि ढब बाहेर ठेवतं. तुरुतुरु गेला, तरातरा गेला, लगबगीने गेला. यात मराठी फार श्रीमंत आहे. तरीही ‘ग्लाइड’पाशी ती अडखळते आणि त्याचं कारण कळायला मला बरीच वर्षं लागली.

आपली ढब दाखवणारी क्रियाविशेषणं बहुतेक आवाजांपासून झालेली आहेत. सर्रकन, भुर्रकन, सळसळत, झरझर, सरसर, धाडदिशी. म्हणजे आपण हालचाल कानाने सांगतो. चिमणी भुर्रकन उडते, कारण तिच्या पंखांचा तसा आवाज खरंच येतो. वाळक्या पानांतून साप सळसळत जातो, कारण पानं वाजतात. आणि ग्लाइड करणाऱ्या गोष्टीचं वैशिष्ट्यच हे की ती वाजत नाही! एका हस्तलिखितात ‘घुबड भर्रकन डोक्यावरून गेले’ असं वाक्य आलं होतं. लेखकाने गव्हाणी घुबड रात्री कधी पाहिलं नसावं. त्याच्या पंखांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखी मऊ दातेरी झालर असते, ती हवेचा आवाज मोडून टाकते. ते आपल्या डोक्यावरून गेलं हे आपल्याला कळतं ते चांदण्यात सावली हलली म्हणून. मी ‘भर्रकन’ काढून तिथे काहीच घातलं नाही. ‘घुबड डोक्यावरून गेले. आवाज नाही.’ एवढंच.

‘सुळकन’ हा एक जवळ येतो. मासा हातातून सुळकन जातो, उंदीर बिळात सुळकन शिरतो. पण सुळकन जाणारी गोष्ट लहान असावी लागते, झटक्यात जावी लागते आणि बहुधा कुठल्यातरी भोकात जावी लागते. होडी धुक्यातून सुळकन येऊ शकत नाही.

राहिला ‘अलगद’. तुमचा भर याच्यावर आहे आणि तो शब्द गोड आहे यात वाद नाही. पण अलगद म्हणजे सहज पुढे जाणं नव्हे. अलगदचा संबंध स्पर्शाशी आहे, धक्का न लागण्याशी. झोपलेलं बाळ अलगद उचलतात. गुलाबजाम पाकातून अलगद काढतात. फलंदाज अलगद झेल देतो, म्हणजे क्षेत्ररक्षकाला काही करावंच लागत नाही. आणि चोर पोलिसांच्या जाळ्यात अलगद सापडतो. तिथे शब्दात थोडी थट्टाही मिसळते. या सगळ्यांत काहीतरी हातात येतंय किंवा कुठेतरी टेकतंय. त्यामुळे पान जमिनीवर अलगद उतरतं, विमान धावपट्टीला अलगद टेकतं, हे उत्तम. पण विमान शंभर किलोमीटर अलगद गेलं म्हटलं की शब्द ताणला जातो. अलगद हा प्रवासाच्या शेवटच्या वीतभर अंतराचा शब्द आहे.

(‘विहरणे’ कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. विहरणाऱ्याला काम नसतं. नौकाविहार करतात तो मजेसाठी. मेलेलं जनावर शोधणाऱ्या गिधाडाला ‘नभी विहरताना’ बघितलं की मला त्या गिधाडाची कीव येते. आणि ‘घिरट्या घालणे’ याच्या उलट, त्यात नेहमी हेतू असतो आणि तो बहुधा वाईट असतो.)

मग उपाय काय? तो मला शब्दकोशात नाही, उतारावर सापडला. लहानपणी आमच्या गावाबाहेरच्या घाटाच्या उतारावर आम्ही सायकली घेऊन जायचो. चढ हातात धरून चढायचा आणि वरून ‘सायकल सोडून द्यायची’. असंच म्हणायचो आम्ही, आजही पोरं असंच म्हणतात. पायडल मारायचं नाही, हँडल मात्र धरून ठेवायचं. कष्ट बंद, गती चालू, ताबा हातात. म्हणजे मराठीला ही गोष्ट नवी नाही. फक्त मराठी ती एका शब्दात न बांधता असं सांगते की काय करायचं थांबवलं. पायडल न मारता. वल्हं न मारता. पंख न हलवता. हे ‘न’ आणि ‘-ता’ यांचं जोडकाम हेच माझ्या लेखी ‘ग्लाइड’चं मराठी रूप आहे. कुठला कष्ट थांबलाय तो नावानिशी सांगा आणि पुढे साधं क्रियापद ठेवा. गती आपोआप दिसते.

एक सावधगिरी. ‘सोडून देणे’ सापडल्याच्या आनंदात मी एकदा लिहिलं होतं, ‘घारीने स्वतःला वाऱ्यावर सोडून दिले’. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी समासात बारीक अक्षरात लिहिलं: ‘घारीला कोणी नातेवाईक नाहीत का?’ वाऱ्यावर सोडणं म्हणजे निराधार करणं, हे मीच विसरलो होतो.

घारीचं आणखी एक. इंग्रजीत ग्लाइड आणि ‘सोअर’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि तुमच्या मूळ पुस्तकात कुठला कुठे आहे ते नीट बघा. वैमानिकांच्या भाषेत ग्लाइड म्हणजे भोवतालच्या हवेच्या मानाने खाली येत येत पुढे जाणं. स्थिर हवेत दुसरा पर्यायच नसतो. उंची खर्च करून अंतर विकत घ्यायचं. त्या २००१ च्या विमानाने सुमारे दहा किलोमीटर उंची देऊन १२० किलोमीटर अंतर मिळवलं, म्हणजे एकास बारा. चांगल्या ग्लायडरचं हे प्रमाण एकास चाळीसच्याही पुढे जातं. पण ग्लायडर तासन् तास वर राहतं ते तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा शोधून तिच्यात गोल गोल फिरत; ते सोअरिंग. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरचं ग्लायडर कधी पाहिलंत तर दोन्ही गोष्टी एकाच फेरीत दिसतील: विंचची तार त्याला पतंगासारखी ओढून वर नेते, तार सुटते, मग ते शांतपणे खाली यायला लागतं, आणि चढती हवा लागली की वळून पुन्हा वर. घार हेच दुपारभर करते. चढत असेल तर ‘चढत्या हवेवर गोल फिरत वर गेली’, उतरत असेल तर ‘पंख पसरून दरीत उतरत गेली’. मराठीत चढण-उतरण सांगितली की ही गफलत होत नाही.

आणि खरं सांगायचं तर काही वेळा काहीच सांगायची गरज नसते. ‘घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलापाशी’ ही ओळ आपण लहानपणापासून म्हणतो. तिथे क्रियापद काय आहे? हिंडते. बाजारात माणूस हिंडतो तेच. या ओळीत घार पंख फडफडवत हिंडते असं आजवर कुणाला वाटलेलं नाही. घार कशी हिंडते ते वाचकाने पाहिलेलं आहे. इंग्रजी क्रियापदात जेवढं भरलंय तेवढं सगळं मराठीत उतरवायलाच हवं हा नव्या अनुवादकाचा धाक असतो. तो गेला की निम्मी वाक्यं सुटतात. मात्र वाचकाने जे पाहिलेलं नाही तिथे सविस्तर सांगावं लागतं. उडणारी खार मराठीत ‘उडते’, आणि त्यामुळे लोक तिला पक्ष्यासारखी समजतात. ती उडत नाही. ती झाडाच्या शेंड्यावरून झेप घेते, पुढच्या-मागच्या पायांमधली कातडी ताणून छत्रीसारखी पसरते आणि तिरकी उतरत दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला जाऊन चिकटते. शेकरूला तर ही कातडीही नसते, ते नुसत्या उड्या मारतं. तरी सहलीच्या फोटोखाली ‘भीमाशंकरची उडणारी खार’ असा मजकूर वर्षाला दोनदा तरी माझ्याकडे येतोच.

ज्या धंद्यांना ग्लाइड रोज लागतं त्यांनी आपापले शब्द कधीच करून ठेवलेत, त्यांच्याकडे गेलं तर ते आधी विचारा. गाण्यात एका सुरावरून दुसऱ्यावर मधली जागा न तोडता जाणं म्हणजे मींड. सरोदवाल्यांकडे घसीट आहे. संगीतावरच्या मजकुरात ‘सुरांवरून घसरत’ असं लिहू नका, गवई मंडळी कायमची रागावतील. पेटीला हे जमत नाही, कारण तिचे सूर पट्ट्यांत कापलेले. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली, आणि पेटीवरच्या आक्षेपांत मींडेचा मुद्दा पुढे होता. नाट्यसंगीत पेटीवर वाढलेल्या महाराष्ट्राने ती बंदी कशी पचवली असेल देव जाणे. उच्चारशास्त्रात तर ग्लाइडला ‘श्रुती’ हा जुना शब्द आहे. दोन स्वर शेजारी आले की जीभ मधे हलकेच ‘य’ किंवा ‘व’ टाकून पुढे जाते. ‘नगर’मधला ‘ग’ प्राकृतात गळाला, ‘नअर’ उरलं, जिभेने मधे ‘य’ टाकून ‘नयर’ केलं आणि त्याचं ‘नेर’ झालं. संगमनेर, पारनेर, अमळनेर म्हणताना आपण हजारभर वर्षांपूर्वीच्या एका ग्लाइडवरूनच जात असतो.

आता तुमची वाक्यं. घारीसाठी: ‘पंख न हलवता घार दरीवरून पलीकडे गेली.’ सापासाठी ‘सरपटत’ नको, तो जमिनीचा शब्द. ‘नागमोडी’ हा शब्द सापाचाच आहे, तो त्याला परत द्या: ‘पाण्यावर एक नागमोडी रेघ ओढत पाणसाप पलीकडच्या काठाला गेला.’ होडीच्या वाक्यात मूळ लेखकाने नाविक काय करतोय ते सांगितलं असेल तर तेच वापरा: ‘नावाड्याने वल्ही वर उचलून धरली होती. धुक्यातून होडी आपसूक पुढे आली आणि काठाला लागली.’ ‘आपसूक’ मला इथे आवडतो. ‘लागली’ही तसाच ठेवा, होड्या आपल्याकडे लागतातच.

वाड्याची मालकीण सगळ्यात अवघड, कारण तिथे अडचण शब्दाची नाही, कपड्यांची आहे. इंग्रजी कादंबऱ्यांतल्या बायका ग्लाइड करतात याचं कारण, मला वाटतं, त्यांचे झगे जमिनीवर लोळतात. पावलं दिसत नाहीत, वरची बाई तेवढी पुढे येताना दिसते. नऊवारीत पाऊल दिसतं, पोटरीही दिसते. आपल्या जुन्या काव्यांनी सुंदर चालीसाठी हत्ती निवडला तो डुलणारा, वजन टाकत चालणारा. त्यामुळे पावलांशिवाय चालणं मराठी वाचकाच्या नजरेत सौंदर्य म्हणून येतच नाही. येतं ते भूत म्हणून. (आणि आपल्या भुतांनाही पाय असतात, उलटे का असेनात.) ‘ती पाहुण्यांमधून तरंगत गेली’ लिहिलंत तर अर्धे वाचक पुढच्या पानावर खून शोधतील. मी दोन गोष्टी करेन. एक, ‘डौल’ हा शब्द आणेन, कारण न घाईचा, न प्रयत्नाचा, स्वतःच्या ताब्यातला असा तोच आहे. दुसरं, ‘न’ आणि ‘-ता’ इथेही लावेन, पण थांबलेला कष्ट तिचा नसून गर्दीचा असेल: ‘कुणालाही बाजूला व्हा न म्हणता ती दिवाणखान्यातून डौलात फिरत होती, लोक आपोआप वाट देत होते.’ मूळ लेखकाला जी सहजता दाखवायची होती ती पायांत नव्हतीच, तिच्या रुबाबात होती.

तुमच्या संपादकांनी ‘मुळात एकच शब्द चारदा आहे, मग अनुवादात चार वेगळे का’ असं विचारलं, तर त्यांना पायडल न मारता सायकल कशी जाते ते विचारा. ‘उतारावरून’ म्हणाले, तर त्यांनीही क्रियापद वापरलेलं नाही.